भुकेच्या खटल्यातील एकतर्फी निवाडा

स्थूल माणूस आणि मधुमेही यांच्याविषयी आपल्या समाजाने एक निवाडा फार पूर्वीच देऊन टाकला आहे, आणि त्यावर अपील चालत नाही. आरोपीचा जिभेवर ताबा नाही, त्याने तोंड आवरावे, दोन घास कमी खावेत, सकाळी तासभर चालावे; आणि एवढे करूनही वजन हटत नसेल, तर तो चोरून खात असला पाहिजे, असा या निवाड्याचा मथितार्थ. त्यात अंशमात्रही तथ्य नाही असे मी म्हणत नाही. परंतु भूक ही सर्वस्वी मनोनिग्रहाच्या अंमलाखालची बाब आहे, हे जे त्यामागील गृहीत, ते शरीरशास्त्राच्या कसोटीस उतरत नाही.

1902 साली लंडनमध्ये बेलिस आणि स्टार्लिंग या शरीरशास्त्रज्ञांनी कुत्र्याच्या लहान आतड्याच्या एका भागाचे मज्जातंतू तोडून त्यात सौम्य आम्ल सोडले. तरीही स्वादुपिंडातून पाचकरस स्रवला. हे काम केवळ मज्जातंतूंचे, हा रशियन शरीरशास्त्रज्ञ पावलॉव्ह यांच्या पंथाचा सिद्धांत त्यामुळे डळमळला आणि आतडे रक्तावाटे हुकूम धाडते हे सिद्ध झाले. पुढे 1964 मध्ये असे दिसून आले की, तोंडावाटे दिलेल्या ग्लुकोजने जेवढे इन्सुलिन स्रवते, तेवढे ते शिरेवाटे दिलेल्या ग्लुकोजने स्रवत नाही. निरोगी माणसात तोंडावाटे घेतलेल्या साखरेनंतरच्या इन्सुलिनचा निम्म्याहून अधिक वाटा जीआयपी आणि जीएलपी-1 या आतड्यातील संप्रेरकांच्या प्रेरणेचा असतो. त्यांपैकी जीएलपी-1 चा कारभार विशेष विस्तृत: रक्तशर्करा चढलेली असेल तेव्हाच ते इन्सुलिन वाढविते, रक्तशर्करा चढविणाऱ्या ग्लुकॅगॉनला आवर घालते, जठर रिकामे होण्याची गती मंद करते आणि मेंदूला तृप्तीची वर्दी देते. टाइप 2 मधुमेहात आतड्याची ही प्रेरणाच क्षीण झालेली असते. अशा रोग्यास नुसता संयमाचा उपदेश करणारा शरीराची कैफियत न ऐकताच निकाल देत असतो.

यावर प्रतिपक्ष विचारील, मग उपासाने वजन उतरते ते कसे? उतरते खरे, प्रश्न पुढचा आहे. मेलबर्नच्या संशोधकांनी 2011 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, 10 आठवडे अत्यल्प आहारावर राहून वजन उतरविलेल्या माणसांत भूक वाढविणारे, जठरातून स्रवणारे घ्रेलिन वर्षभरानंतरही चढलेले आणि तृप्तीची काही संप्रेरके उतरलेली आढळली. शरीर गमावलेल्या चरबीचा तगादा लावते, आणि या तगाद्याला मुदत नसते. वर्षभर रोज तो सोसणाऱ्याला आपण लोचट म्हणतो!

आता दुसऱ्या टोकाचे लोक. जीएलपी-1 च्या धर्तीवर वजन उतरविणारी मौंजारो आणि वेगोवी ही इंजेक्शने 2025 साली भारतात आल्यापासून, पथ्याचे दिवस संपले असे म्हणणारा एक उत्साही पंथ निर्माण झाला आहे. शरीरातील मूळ जीएलपी-1 दोन मिनिटांत निम्मे नष्ट होते; अमेरिकेतील गिला मॉन्स्टर या विषारी सरड्याच्या लाळेत त्याचा चिवट भाऊबंद सापडला, त्यावरून पहिले औषध झाले, आणि वेगोवीतील आजचे सेमाग्लुटाइड आठवड्यातून एकदाच टोचावे लागते. ही कामगिरी असामान्य आहे. परंतु मळमळ, उलट्या आणि चरबीबरोबर स्नायूंचा ऱ्हास हे दोष या पंथाच्या जाहिरातीत सापडत नाहीत. शिवाय एका चाचणीत सेमाग्लुटाइडवर ज्यांनी 68 आठवड्यांत सरासरी सुमारे 17 टक्के वजन गमावले, त्यांनी औषध थांबविल्यावर वर्षभरात त्यातील दोन-तृतीयांश परत मिळविले.

हाच पुरावा मी पहिल्या पक्षापुढेही ठेवतो. औषध चालू असता हीच माणसे कमी खात होती आणि ते बंद होताच पुन्हा पूर्ववत खाऊ लागली. तर मग त्यांचे चारित्र्य इंजेक्शनाबरोबर उन्नत झाले आणि त्याच्याबरोबरच ढासळले, असे म्हणावयाचे काय? दीर्घ रोगावर रक्तदाबाप्रमाणे दीर्घ उपचार लागतात, आणि ते घेणाऱ्याला कोणी पळपुटा ठरवू नये, एवढाच याचा अर्थ.

आहाराचे महत्त्व याने रद्द होत नाही, उलट त्याला बुद्धिगम्य कारण मिळते. प्रथिने आणि भाज्या आधी, भात-पोळी मागाहून, या क्रमाने जेवल्यास टाइप 2 मधुमेह्याची जेवणानंतरची रक्तशर्करा कमी चढते, असे प्रयोगांत आढळले आहे. आपली पंगत मात्र भाताच्या मुदीपासून सुरू होते. मधुमेही पाहुण्याने उसळ, भाजी संपविल्यावरच भाताला हात लावला, तर यजमानाने राग मानू नये.