सुखाचा शेजार



या सदरात आपण बहुधा रक्तदाब, साखर, गुडघे आणि झोप यांविषयी बोलतो. आज एका विद्यार्थिनीच्या टिपणाविषयी बोलायचे आहे. समाजशास्त्र शिकणारी ही मुलगी आपल्या बीड जिल्ह्यातलीच. समाज, त्यातील विविधता आणि माणसाचे सुख या विषयावर तिला महाविद्यालयासाठी निबंध लिहायचा होता. पुस्तकातल्या व्याख्या उतरवून काढण्याऐवजी ती गावातल्या वृद्धांना भेटत गेली. गावठाणात, मोहल्ल्यात, बौद्धवाड्यात, तांड्यावर, बाजारपेठेतल्या मारवाडी घरांत तिने एकच प्रश्न विचारला, की आपल्याला समाधान कशात वाटते. ते टिपण तिने मला वाचावयास दिले, कारण तिला त्यावर डॉक्टरचे मत हवे होते. ते मत तिच्यापुरते न ठेवता आपल्यापुढे मांडतो. तिने जे लिहिले आहे ते आपल्याविषयीच आहे.

तिचे पहिले निरीक्षण असे, की सुखाविषयी विचारले असता फार थोड्यांनी पैशाचे नाव घेतले. प्रकृती बरी असावी, असे सगळेच म्हणाले. पण समाधानाचा एखादा प्रसंग सांगा म्हटल्यावर बहुतेकांनी माणसांचे प्रसंग सांगितले. कोणी दुपारी येऊन ओट्यावर बसतो, कोणी बाजाराहून येताना गोळ्या आणून देतो, कोणी सणाला आठवणीने ताट पाठवतो. यांतील पुष्कळ माणसे घरातली नव्हती, नात्यातली नव्हती, आणि कित्येकदा जातीतली वा धर्मातलीही नव्हती. मुलीला याचे आश्चर्य वाटले. मला वाटले नाही.

जागतिक आरोग्य संघटनेची घटना ७ एप्रिल १९४८ रोजी अमलात आली. रोग नसणे एवढ्यालाच आरोग्य म्हणता येत नाही. शारीरिक, मानसिक आणि सामाजिक स्वास्थ्य मिळून आरोग्य होते, अशी व्याख्या तिच्यात केलेली आहे. यांतला तिसरा शब्द दवाखान्याच्या गर्दीत मागे पडतो. परंतु संशोधन पुन्हा पुन्हा त्याच्याकडेच बोट दाखवते. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात १९३८ साली सुरू झालेला एक अभ्यास त्याच माणसांच्या मागोमाग अनेक दशके चालत राहिला. पन्नाशीत आपल्या नातेसंबंधांविषयी जे समाधानी होते, ते ऐंशीव्या वर्षी अधिक निरोगी आढळले. त्या वयातल्या कोलेस्टेरॉलच्या आकड्यापेक्षाही हे समाधान पुढच्या आरोग्याचे अधिक चांगले गमक ठरले. २०२३ साली अमेरिकेच्या सर्जन जनरलनी एकाकीपणाविषयी जी सूचनापत्रिका काढली, तिच्यात तुटक सामाजिक संबंधांबरोबर हृदयविकाराचा धोका सुमारे २९ टक्क्यांनी आणि पक्षाघाताचा सुमारे ३२ टक्क्यांनी वाढलेला दिसतो, असे नोंदवले आहे. आजारपणामुळेही माणूस एकटा पडतो, हे लक्षात घेऊन हे आकडे वाचावेत. तरीही ओट्यावर येऊन बसणारा शेजारी हा औषधोपचाराचा भाग आहे, असे म्हणण्याइतका आधार त्यांत निश्चित आहे.

तिचे दुसरे निरीक्षण मला फार महत्त्वाचे वाटते. गावातली सर्वांत वृद्ध माणसे नातवंडांपेक्षा अधिक भाषांत वावरतात, असे तिला दिसले. शाळा न पाहिलेली आजी घरात गोरमाटी आणि बाजारात मराठी बोलते. मोहल्ल्यातल्या दादीमाँची दखनी मराठीत केव्हा मिसळते ते कळत नाही. पंचाऐंशी-नव्वदीचे एखादे आजोबा अजून उर्दू वाचतात.

यामागे आपल्या भागाचा इतिहास आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. त्या राज्यात मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू बोलणारे लोक एकत्र नांदत. कारभार आणि वरचे शिक्षण मात्र मुख्यत्वे उर्दूतून चाले. मातृभाषेतून शिकता न येण्याची खंत त्या पिढीला होती आणि ती रास्तच होती. पण त्यामुळे दुसऱ्याची भाषा कानावर पडणे, तिच्यात व्यवहार करणे हेही अंगवळणी पडले. आपल्याच जिल्ह्यातल्या अंबाजोगाईला निजामाच्या काळात मोमिनाबाद म्हणत. आद्यकवी मुकुंदराजांची समाधी तिथे आहे, आणि तिथल्या योगेश्वरीला आपली कुलदेवता मानणारी कोकणातली घराणी शेकडो मैलांवरून दर्शनाला येतात. 'योगसंग्राम' हा ग्रंथ मराठीत लिहिणारे संत शेख महंमद यांचे मूळ गाव म्हणून आष्टी तालुक्यातल्या वाहिऱ्याचे नाव घेतले जाते. मिसळून राहणे ही आपल्याकडे आजकाल आलेली गोष्ट नाही.

आता यातला वैद्यकीय भाग पाहा. हैदराबादच्या निजाम्स इन्स्टिट्यूट ऑफ मेडिकल सायन्सेसमधील डॉ. सुवर्णा अल्लाडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंशाच्या ६४८ रुग्णांचा अभ्यास करून २०१३ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. एकाहून अधिक भाषा बोलणाऱ्यांत स्मृतिभ्रंशाची लक्षणे सरासरी सुमारे साडेचार वर्षे उशिरा दिसू लागली होती. विशेष म्हणजे हा फरक निरक्षर रुग्णांतही आढळला, म्हणजे तो केवळ शिक्षणाचा परिणाम म्हणता येत नाही. भाषा शिकल्याने आजार टळतो, असा याचा अर्थ नव्हे. परंतु ज्याच्याशी बोलायला आपल्याला शब्द शोधावे लागतात अशा माणसाशी रोज बोलणे हा मेंदूचा चांगला व्यायाम आहे, असे मानायला जागा आहे. आपल्या आजी-आजोबांनी तो जन्मभर केला, आणि त्यासाठी त्यांना कोणताही वर्ग लावावा लागला नाही.

तिसरे निरीक्षण लिहिताना मुलीची लेखणी अडखळलेली दिसते. गावात माणसे एकत्र राहतात, पण पूर्वीसारखी भेटत नाहीत, असे तिला अनेकांनी सांगितले. २०२३-२४ मध्ये आरक्षणाच्या प्रश्नावरून आपल्या जिल्ह्यात वातावरण किती तापले, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. कोणाची मागणी योग्य, हा या सदराचा विषय नाही. मी जे दवाखान्यात पाहिले तेवढे सांगतो. त्या दिवसांत झोप लागत नाही म्हणून येणारे वृद्ध वाढले. वर्षानुवर्षे ज्याच्याकडून दाढी करून घेतली त्याच्याकडे जायचे टाळले म्हणून दाढी वाढलेले आजोबा आले. पारावरची बैठक मोडली आणि त्याबरोबर सकाळचे चालणेही सुटले. दिवसभर मोबाईलवर भांडणाचे व्हिडिओ पाहून एरवी आटोक्यात असलेला रक्तदाब चढलेला आढळला. तरुण माणूस राग घेऊन बाहेर पडतो आणि दुसरे जग शोधतो. वृद्धाचे जग चार घरांचे असते. त्यातले दोन उंबरे बंद झाले, तर त्याचे निम्मे जग संपते.

याला आपल्या जिल्ह्यात आणखी एक बाजू आहे. दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी हजारो जोडपी कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, आणि फडातून परत येईपर्यंत उन्हाळा उजाडतो. मागे वाड्या-तांड्यांवर म्हातारी माणसे आणि नातवंडे उरतात. पाच-सहा महिने त्या म्हाताऱ्यांची औषधे कोण आणणार? रात्री छातीत दुखले तर गाडी कोण काढणार? उत्तर एकच आहे: शेजारी. तो शेजारी कोणत्या जातीचा, कोणत्या धर्माचा, हे पाहत बसण्याइतका वेळ त्या रात्री नसतो. म्हणूनच ते संबंध आधी, दिवसाउजेडी जपावे लागतात.

आता काय करावे, ते सांगतो.

वृद्ध वाचकांनी दिवसातून एकदा तरी घरच्यांव्यतिरिक्त कोणाशी तरी समोरासमोर बोलावे. जो संबंध रागाने वा संकोचाने तुटला असेल, तो आपण पुढाकार घेऊन जोडावा. वयाचा मान अजून शिल्लक आहे. आपण आधी हाक मारली तर समोरचा सहसा ओ देतो. ईदचा शीरखुर्मा किंवा दिवाळीचा फराळ साखरेच्या भीतीने नाकारून घरीच बसू नये. मधुमेह असेल तर अर्धी वाटी घ्यावी, त्या दिवशीचे इतर गोड टाळावे, पण जावे. उपवास किंवा रोजे करायचे असतील, तर गोळ्यांच्या वा इन्सुलिनच्या वेळा आणि प्रमाण आधी आपल्या डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे. काही गोळ्यांनी उपाशीपोटी साखर धोकादायक इतकी उतरू शकते. मोबाईलवरचे तंट्याचे व्हिडिओ निदान संध्याकाळनंतर पाहू नयेत.

काळजी घेणाऱ्यांनी प्रथम कान आणि डोळे तपासून घ्यावेत. ऐकू न येणारा माणूस बैठकीतून हळूहळू उठून जातो आणि घरच्यांना वाटते की त्याला माणसे नकोशी झाली. 'लॅन्सेट'च्या तज्ज्ञ समितीने २०२४ साली स्मृतिभ्रंशाची जी टाळता येण्याजोगी १४ कारणे सांगितली, त्यांत श्रवणदोष, दृष्टिदोष आणि सामाजिक एकटेपणा या तिन्हींचा समावेश आहे. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया किंवा श्रवणयंत्र यांमुळे पुष्कळदा माणूसच परत मिळतो.

दुसरे, भाषेकडे लक्ष द्यावे. स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्तीला नंतर शिकलेली भाषा आधी सोडून जाऊ शकते आणि बालपणीची भाषा टिकते. अशी आजी एकाएकी गोरमाटीत किंवा तेलुगूत बोलू लागली, तर ती बरळते असे समजू नका. ती भाषा येणारे कोणी तिच्याजवळ बसवा आणि दवाखान्यात येताना त्या व्यक्तीला सोबत आणा. दुखते कुठे, हे माणूस आपल्या पहिल्या भाषेत नीट सांगतो.

तिसरे, ऊसतोडीला किंवा नोकरीसाठी बाहेरगावी जाण्यापूर्वी एका जाड कागदावर आजी-आजोबांची औषधे, त्यांच्या वेळा आणि आपला फोन क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहून त्याची एक प्रत शेजाऱ्याच्या हाती द्यावी. रुग्णवाहिकेचा १०८ हा क्रमांकही त्यावर असावा. गावातल्या आशाताईंना सांगून जावे.

दोन आठवड्यांहून अधिक काळ मन उदास राहणे, जेवणावरची वासना जाणे, पहाटे लवकर जाग येऊन पुन्हा झोप न लागणे, जगून काय उपयोग असे बोलणे, ही वयाची लक्षणे नव्हेत. तो नैराश्याचा आजार असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत. थायरॉइडचे विकार आणि ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता यांमुळेही असे घडते, म्हणून तपासणी करावी. मनाच्या त्रासासाठी शासनाच्या 'टेलिमानस' सेवेचा क्रमांक १४४१६ आहे आणि ज्येष्ठांसाठी 'एल्डरलाइन'चा १४५६७. दोन्ही निःशुल्क आहेत.

त्या विद्यार्थिनीने टिपणाच्या शेवटी एक शंका लिहिली आहे. इतक्या जातीधर्मांचा समाज सुखी होऊ शकतो का, की भिन्नता आणि सुख यांचे मुळातच वाकडे आहे? तिच्या प्रश्नाला माझ्यापाशी मोठे तात्त्विक उत्तर नाही. तिने ज्यांची नोंद केली त्या वृद्धांनीच ते देऊन ठेवले आहे. त्यांनी समाधानाचे जे प्रसंग सांगितले, त्यांत येणारा माणूस वेगळा होता म्हणून कोणी दुःखी झालेले नव्हते. तो यायचा थांबला तेव्हा झालेले होते. निबंधात एवढे लिहिले तरी पुरे, असे मी तिला कळवले आहे.

आपणही या पंधरवड्यात एक काम करावे. बरेच दिवसांत ज्या घरी गेला नाहीत अशा एका घरी जाऊन यावे, आणि जाताना घरातल्या नातवंडाला बरोबर न्यावे.