विश्लेषण : लोणारची सहल काठावरूनच का परतते?

डिसेंबर उजाडला की शाळांच्या दारात सहलीच्या गाड्या लागतात. बुलढाणा जिल्ह्यातील लोणार हे त्यांचे ठरलेले ठिकाण. विवराच्या काठावर गाडी थांबते, फलकावरची माहिती वहीत उतरवली जाते, फोटो निघतो आणि पुढच्या ठिकाणाची घाई सुरू होते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीदरम्यान दहा दिवस दप्तराविना शिक्षणाची कल्पना आहे. त्यातला एक दिवस असा जाणार असेल, तर दप्तर घरी ठेवून मिळवले काय?

लोणारमध्ये शिकण्यासारखे काय?

उल्का आदळून बेसॉल्ट या काळ्या खडकात तयार झालेले हे विवर सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे. ते ज्वालामुखीचे असावे, असा तर्क दीर्घकाळ होता. १९७३ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकातील शोधनिबंधाने खडकांतील आघाताच्या खुणा दाखवल्या. मग वयाचा प्रश्न आला. एका पद्धतीने ते सुमारे ५२ हजार वर्षे निघाले, तर २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आर्गॉन पद्धतीच्या मापनात सुमारे ५ लाख ७० हजार. दहापटीहून अधिक फरक! पाठ्यपुस्तकात एकच आकडा येतो आणि तो पाठ होतो. दोन आकडे समोर ठेवले, तर ‘सर, खरा कोणता?’ असा हात वर होण्याची शक्यता तरी निर्माण होते.

सरोवराचे पाणी खारे आणि अल्कधर्मी. हळदीचा कागद त्यात बुडवला तर तो लालसर होतो. हळदीच्या डागाला साबण लागल्यावर होतो तसाच. इथून इतिहासाचा तास सुरू करता येतो. काच आणि साबण बनवण्याचे साहित्य या परिसरात मिळते, अशी नोंद अकबराच्या काळातील ‘ऐन-ए-अकबरी’त आहे. लोककथेतला राक्षस लवणासुर, म्हणजे नावातच मीठ, आणि गावातले दैत्यसूदन मंदिर त्याच कथेशी जोडलेले. मराठीच्या शिक्षकांना एवढा धागा पुरेसा आहे. काठावरची धार मात्र गोड्या पाण्याची. गोडे पाणी खाली उतरते आणि सरोवर खारेच राहते, ते कसे? पाण्याला बाहेर पडायला वाट नाही, बाष्पीभवन होते आणि क्षार मागे उरतात. जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झाले, तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने त्यामागे खाऱ्या पाण्यात वाढणारे सूक्ष्मजीव असल्याचे सांगितले. म्हणजे जीवशास्त्रही आलेच.

अडचण कुठे आहे?

वेळापत्रकात. भूगोलाचा तास वेगळा, रसायनाचा वेगळा, आणि सहलीला जातात ते बहुधा ‘शिस्त ठेवू शकणारे’ शिक्षक. खर्च आणि सुरक्षेची चिंता खरी आहे. पन्नास मुलांना विवरात उतरवणे सोपे नाही. पण सगळ्यांनी सगळे पाहायलाच हवे असे कुठे आहे? सहलीच्या आठवडाभर आधी वर्गात प्रश्न ठरले आणि पाच-पाच मुलांच्या गटांनी ते वाटून घेतले, तर त्याला जादा पैसे लागत नाहीत. लोणार हे अभयारण्य आहे, २०२० पासून रामसर स्थळही आहे. तिथला दगड, पाणी परवानगीशिवाय उचलता येत नाही. हळदीच्या प्रयोगासाठी वन विभागाला अर्ज लिहिणे, हा नागरिकशास्त्राचा धडा मुलांनीच गिरवावा.

लोणार दूर पडत असेल तर?

गावची जुनी विहीर चालेल. खडकाचे थर, उन्हाळ्यातली पाण्याची पातळी, रहाटाचे यंत्रशास्त्र, विहीर कोणी बांधली, आणि तिथे पाणी भरायला कोणाला मनाई होती. या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर पुस्तकात क्वचितच सापडेल. ते गावातल्या ऐंशी-पंच्याऐंशीच्या आजी-आजोबांकडे आहे, आणि मुलांनी ते याच वर्षी विचारलेले बरे.