भूमिपुत्र कोण, कंत्राटी कोण?

बंगळूरच्या दक्षिण भागातील जे. पी. नगर हे नाव जयप्रकाश नारायण यांचे. ते ऑल इंडिया रेल्वेमेन्स फेडरेशनचे अध्यक्ष होते, हे आता कामगारांच्याही फारसे स्मरणात नाही. त्यांच्या नावाच्या या वसाहतीतील इमारतींवर पहारा करणारा ओडिशाचा किंवा आसामचा असतो, तसाच रायचूर-कलबुर्गीकडचा कन्नडभाषकही असतो. दोघेही कंत्राटदाराचे.

जुलै २०२४ मध्ये कर्नाटक मंत्रिमंडळाने खासगी उद्योगांत स्थानिकांना व्यवस्थापकीय जागांत ५० टक्के व इतर जागांत ७० टक्के राखीव ठेवणारे विधेयक संमत केले. उद्योगपतींनी ओरड करताच दोन दिवसांत ते थांबवले. ज्याच्या गावची जमीन कारखान्याखाली गेली त्याने नोकरी मागितली, तर त्यात गैर काय? १९८६ च्या सरोजिनी महिषी अहवालापासून ही मागणी उभी आहे आणि ती झटकून टाकण्याजोगी नाही. परंतु नोकरी कोणाला, एवढेच सांगून भागत नाही. ती कायम की कंत्राटी, हा प्रश्न उरतोच. कन्नड येणारा कंत्राटी कामगार मालकाला मुळीच महाग पडत नाही.

मराठी वाचकांनी इथे नाक मुरडू नये. १९६६ नंतर मुंबईत हाच प्रकार उडुप्यांच्या हॉटेलांवर दगड मारून झाला. गिरण्यांमधील लाल बावट्याची ताकद त्या काळात कोणी पोखरली, तेही परळ-लालबागला ठाऊक आहे. २०२२ मध्ये कर्नाटकात हिजाब आणि हलालचा वाद पेटला होता. त्या सबंध गदारोळात किमान वेतनावर कितीसे बोलले गेले?

याच शहरात एप्रिल २०१६ मध्ये वेगळे घडले. केंद्राने १० फेब्रुवारीच्या अधिसूचनेने भविष्यनिर्वाह निधीतील मालकाचा हिस्सा वयाच्या ५८ वर्षांपर्यंत अडकवून ठेवला होता. कपडे शिवणाऱ्या कारखान्यांतील हजारो बायका होसूर रस्त्यावर उतरल्या. निधी सर्वांचाच अडकला होता, तेव्हा शेजारणीची जात, धर्म, भाषा विचारायला कोणाला सवड नव्हती. लाठ्याही पडल्या. १९ एप्रिलला, म्हणजे दुसऱ्याच दिवशी, केंद्राने अधिसूचना मागे घेतली.

विधेयक पुन्हा आले तर त्यात स्थानिकांच्या टक्केवारीबरोबर कायम नोकऱ्यांची टक्केवारीही लिहा, ही मागणी बंगळूरच्या कामगार संघटनांनी आजच करावी, असे आमचे मत आहे. पुण्यात आणि नाशकातही तीच करावी लागेल.