वाफेचं तिकीट

‘स्पा’ हा शब्द आमच्या ढोकीपर्यंत पोचला तो पार्लरच्या पाटीवर बसून. फेशियल, मेंदी, हेअर स्पा! त्यामुळे स्पा म्हणजे केसांना चोपडायचं काहीतरी, अशीच आमच्या भिशीतल्या निम्म्याजणींची समजूत होती. आता तोच शब्द समुद्रावरून आलाय. मुंबई-गोवा ‘आंग्रिया’ क्रूझ २०१८ साली सुरू झाली, २०२१मध्ये ‘कॉर्डेलिया’ आली, आणि सप्टेंबर २०२५मध्ये तर मुंबई बंदरात क्रूझसाठी मोठं नवं टर्मिनलच उघडलं. सिंगापूरहून निघणाऱ्या जहाजांवर तर आपली मराठी मंडळी टूर कंपन्यांबरोबर केव्हापासून जातायत. पुण्यात आयटीत असलेली मुलं आईवडिलांना एकदा तरी जहाजात बसवतात. छान आहे की! मराठवाड्यातल्या माणसांनी मनसोक्त पाणी बघावं, याहून दुसरं सुख काय?

तर आमच्या भिशीतल्या एक निवृत्त शिक्षिका, आम्ही सगळ्या त्यांना ‘बाई’च म्हणतो, मुलगा-सुनेबरोबर सिंगापूरच्या चार रात्रींच्या क्रूझला निघाल्यात. तिकीट मुलानं काढलं. बाईंचा प्रश्न वेगळाच. ‘ताई, जहाजावर वाफ घ्यायचा पास असतो म्हणे. माणशी सव्वाशे डॉलर. माझे गुडघे लई धरतात. पेन्शनमधून घेऊ का?’

सव्वाशे डॉलर म्हणजे अकरा हजारांच्या आसपास. प्रश्न ऐकून आमच्यातल्या दोघी फिसकन हसल्या. मला ते हसणं आवडलं नाही. बाईंनी चाळीस वर्षं उभं राहून फळ्यावर लिहिलंय. गुडघे त्यांचे, पेन्शनही त्यांची. प्रश्नाला हिशेबानं उत्तर द्यायचं, हसून नव्हे. म्हणून मी परदेशी राहणाऱ्या नातलगांना फोन करून, दोन वेळा जाऊन आलेल्या माझ्या वन्संना विचारून सगळी माहिती काढली.

पहिली गोष्ट, हा पास म्हणजे मालिश नव्हे. मोठ्या जहाजांवर एक वेगळा कक्ष असतो. त्यात वाफेची खोली, कोरड्या उष्णतेची सौना, गरम केलेल्या फरशीच्या आरामखुर्च्या, कुठे मिठाची खोली, कुठे गरम पाण्याचा हौद. पास म्हणजे तिथे जाऊन बसायची परवानगी. कुणी हात लावून अंग चोळणार नाही. त्याचा दर वेगळा. पन्नास मिनिटांच्या मालिशला दीडशे डॉलरच्या पुढेच मोजायचे आणि बहुतेक जहाजांवर त्यावर अठरा-वीस टक्के बक्षिशी आपोआप लागते. शिवाय मालिश झाल्यावर गोड बोलून तेलं, क्रीमं, समुद्रशेवाळाचे लेप समोर मांडतात. ‘तुमच्या शरीरात विषारी द्रव्यं साठली आहेत,’ असंही सांगतात. ते साफ करायला देवानं मूत्रपिंडं दिलीत, बायांनो, डबीतल्या क्रीमचं ते काम नाही!

आता वेळेचा हिशेब. चार रात्रींची क्रूझ म्हणजे चार दिवस पास वापरायला मिळतो असं नाही. पहिल्या दिवशी दुपारी जहाजात चढायचं, सामान लावायचं, सुरक्षेची कवायत करायची. मग एक दिवस पेनांग, एक दिवस फुकेत. जहाज बंदरात असताना एवढ्या लांब जाऊन वाफेत कोण बसेल? पाचव्या दिवशी सकाळी उतरायचं. पूर्ण समुद्रातला दिवस एकच, आणि त्या दिवशी सगळं जहाजच तिथे लोटतं. बाईंनी आणि मी कागदावर मांडलं. पहिल्या संध्याकाळी दीड तास, दोन बंदरांच्या रात्री एकेक तास, समुद्रातल्या दिवशी तीन तास. झाले साडेसहा. म्हणजे तासाला सतराशे रुपयांच्या जवळपास. पास एकाच्याच नावाचा असतो, सासूनं अर्धा आणि सुनेनं अर्धा असं चालत नाही. सात-आठ दिवसांच्या सफरीत तीन-चार दिवस नुसता समुद्र असेल, थंड प्रदेशातून जहाज जात असेल, आणि माणूस रोज जाऊन बसणारा असेल, तर गोष्ट निराळी. तिथे पास महाग असला तरी वसूल होतो. चार रात्रींना नाही.

आणि तिकिटाच्या पैशातच डेकवर पोहण्याचा तलाव असतो, बहुतेक जहाजांवर बुडबुड्यांच्या गरम पाण्याचे छोटे हौदही असतात. तेही गुडघ्यांना गरम पाणीच देतात! काही जहाजांवर व्यायामशाळेला लागून साधी वाफेची खोली फुकट असते. चढल्या दिवशी स्पा दाखवायला नेतात, त्याचे पैसे पडत नाहीत. तेव्हा डोळ्यांनी बघून घ्यावं, गर्दी किती, कपड्यांचा नियम काय, बायकांसाठी वेगळी जागा आहे का, आणि मगच पाकिटाला हात घालावा.

कपड्यांचं बोललेच पाहिजे. या कक्षात बऱ्याच ठिकाणी स्त्री-पुरुष एकत्र असतात आणि हौदात पोहण्याचाच पोशाख लागतो. साडी, सुती गाऊन चालत नाही. अंगभर, पायघोळ पोहण्याचे पोशाख आता सोलापूर-पुण्यात मिळतात. पण अनोळखी पुरुषांशेजारी ओल्या कपड्यांत आपण मोकळ्या बसू का, हे घरीच स्वतःला विचारावं. पैसे भरून कोपऱ्यात टॉवेल गुंडाळून बसण्यात काय हशील?

तब्येतीचंही आहे. उष्णतेनं दुखरा सांधा तेवढ्यापुरता सैल होतो, झीज भरून येत नाही. रक्तदाबाची गोळी चालू असेल तर वाफेतून उठताना चक्कर येऊ शकते. मधुमेहात पायांची जाणीव कमी झाली असेल तर चटका कळत नाही. हृदयाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जाऊच नये. बाईंना रक्तदाब आहे. डॉक्टरांनी दहा मिनिटांच्या वर बसू नका म्हणून बजावलंय. म्हणजे साडेसहा तासांचा हिशेबही कोसळला!

तसं बघितलं तर उष्णतेची ही चैन आपल्याला नवी नाही. ठाणे जिल्ह्यात वज्रेश्वरी-गणेशपुरीला, आपल्या मराठवाड्यात किनवटजवळ उनकेश्वरला माणसं गरम झऱ्यांत अंग बुडवायला पिढ्यान्‌पिढ्या जातात. आणि घरात? विटेचा शेक, वाळूची पुरचुंडी, निर्गुडीचा पाला, बाळंतिणीच्या खाटेखालची शेगडी. मला नेहमी वाटतं, आपल्या बाईला आयुष्यात एकदाच स्पा मिळतो, बाळंतपणातला सव्वा महिना. तेव्हा कुणी तेल लावतं, कुणी पाणी ओततं, कुणी ‘पडून राहा’ म्हणतं. तेही दूध यावं, लेकरू धड राहावं म्हणून. तो सव्वा महिना संपला की तिच्या पाठीला पुन्हा कुणाचा हात लागत नाही. साठीत ती वाफेचा भाव विचारते तेव्हा आपल्याला हसू येतं.

काही वाचक म्हणतील, तुम्ही समाजकार्य करता, ऊसतोड बायकांमध्ये जाता, आणि स्पाचे हिशेब कसले मांडता? जाते, म्हणूनच मांडते. टोळीतल्या बाईनं पाठ धरली म्हणून एक दिवस काम सोडलं तर तो ‘खाडा’ धरतात, पैसे कापतात. तिला विश्रांती परवडत नाही हे खरं. पण म्हणून बाईंनी गुडघे दाबून बसावं, यानं टोळीतल्या बाईचा खाडा माफ होत नाही. घरातल्या पुरुषानं मोबाइलवर वीस हजार घातले की कुणी ऊसतोड कामगार आठवत नाही. बायकांच्या खर्चालाच ही आठवण बरोबर येते.

एक गोष्ट मात्र मलाही टोचली. पाण्याची. एप्रिल २०१६मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे जायची ती आमच्या ढोकीवरूनच. पहिल्या गाडीला दहा वाघिणी, मिळून पाच लाख लिटर. त्या उन्हाळ्यात घागरी मोजून पाणी भरलेल्या माणसाला गरम पाण्याच्या हौदाची कल्पना घशाखाली उतरत नाही. नंतर कळलं, जहाजं बरंचसं गोडं पाणी समुद्राच्याच पाण्यातून तयार करतात. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू!

हे सगळं बाईंपुढे ठेवल्यावर त्या हळूच म्हणाल्या, ‘ताई, पोरानं दोन पास आधीच काढलेत. त्याचा आन् सूनबाईचा.’ आणि चार वर्षांचा नातू? स्पात लहान मुलांना घेत नाहीत. म्हणजे हे दोघं वाफेत असतील तेव्हा नातवाला घेऊन केबिनमध्ये कोण बसणार, हे न बोलताच ठरलेलं होतं. मुलगा वाईट नाही हो. आईला एवढ्या प्रेमानं नेतोय. पण आईचे तास फुकटच असतात, हे त्याच्या डोक्यात इतकं पक्कं बसलंय की त्यानं विचारलंसुद्धा नाही.

मी सांगितलं, पास घेऊ नका, पण नातवाचं आधी बोला. तीन वर्षांवरच्या मुलांसाठी बहुतेक मोठ्या जहाजांवर खेळघर असतं, सांभाळायला माणसं असतात, दिवसा त्याचे पैसेही पडत नाहीत. जहाजात चढल्याबरोबर नाव नोंदवायचं. आणि अकरा हजार बाजूला काढलेच आहेत, तर फिजिओथेरपी घ्या. लातूरला एका बैठकीचे तीनशे-चारशे घेतात. तीसेक बैठका होतील. २०२३पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहेच.

बाईंनी त्याच रात्री मुलाला फोन केला. समुद्रातल्या दिवशी दुपारी तीन ते सहा मी डेकवर बसणार आहे, नातवाचं तुमचं तुम्ही बघा, एवढंच सांगितलं म्हणे. तो जरा गप्प झाला, मग ‘बरं’ म्हणाला. सुनेनं दुसऱ्या दिवशी खेळघराची सगळी माहिती पाठवली.

लातूरची पहिली बैठक सोमवारी आहे. मीही बरोबर जातेय, बचतगटाच्या कामाला बँकेत जायचंच होतं.