दंड तिलाच अधिक का?

देहविक्रयाला 'श्रम' म्हणा आणि १९५६ चा अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायदा मोडीत काढा, असा घोष तथाकथित पुरोगामी मंडळी करीत असतात. तसे झाल्यास पहिला सुटेल तो कुंटणखान्याचा मालक, दुसरा दलाल! परंतु कायद्याची तरी कोणती न्यायबुद्धी? सार्वजनिक जागी गिऱ्हाइकाला खुणावणाऱ्या स्त्रीला कलम ८ अन्वये पहिल्याच अपराधाला सहा महिन्यांपर्यंत कैद. तोच अपराध पुरुषाने केला तर कमाल तीन महिने. या स्त्रियांना पोलिसांनी शिवीगाळ, मारहाण करू नये, हे १९ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले (सांगावे लागले, हेच लज्जास्पद!). संसदेने कलम ८ मधून स्त्रीला वगळावे. मालक-दलालांवरील कलमे ३ व ४ मात्र कायम ठेवावीत.