‘आपलाच माणूस’ आणि दिवाळखोरीचं रजिस्टर

रीडिंगमध्ये नवीन मराठी कुटुंब आलं की पहिल्या महिन्याभरात त्यांच्याकडे चार फोन नंबर जमा होतात. किचनचं काम करणारा, गाडी दुरुस्त करणारा, खोली भाड्याने देणारा, आणि पैसे कुठे गुंतवावेत ते सांगणारा. नंबर देणारा शेवटी एक वाक्य हमखास जोडतो, “आपलाच माणूस आहे, काळजी करू नका.” परदेशात या वाक्याचा आधार मोठा असतो, हे मान्य. पण त्यातून कळते ती त्या माणसाची भाषा आणि गाव. त्याच्या डोक्यावर कर्ज किती, आधीची कंपनी बुडाली की चालू आहे, हे त्यातून कळत नाही. आणि इथे ते कळायची सोय सरकारनेच करून ठेवली आहे, बहुतेक फुकट. ती वापरायला आपण लाजतो, असं मला वाटतं.

अर्ली भागातल्या आमच्या ओळखीच्या एका जोडप्याने लॉफ्टच्या कामासाठी अर्धी रक्कम आगाऊ दिली. काम सुरू होण्याआधीच कंपनी बंद पडली. नंतर बघितलं तर त्याच डायरेक्टरच्या आधीच्या दोन कंपन्याही लिक्विडेशनमध्ये गेलेल्या. ही माहिती तेव्हाही उघडीच होती. ती बघायला दहा मिनिटं लागली असती.

म्हणून आधी कुठे आणि कसं बघायचं ते सांगतो. समोरचा माणूस स्वतःच्या नावाने धंदा करतो की लिमिटेड कंपनी काढून, हे पहिलं विचारा. कारण दोन्हींची वही वेगळी आहे. कंपनी बुडाली म्हणून तिचा डायरेक्टर दिवाळखोर ठरतोच असं नाही.

व्यक्तीसाठी ‘इंडिव्हिज्युअल इन्सॉल्व्हन्सी रजिस्टर’ आहे. इन्सॉल्व्हन्सी सर्व्हिस हे सरकारी खातं ते चालवतं आणि ते इंटरनेटवर कुणालाही फुकट बघता येतं. नाव आणि आडनाव टाका, किंवा धंद्याचं नाव टाका. इंग्लंड आणि वेल्समधल्या दिवाळखोऱ्या, डेट रिलीफ ऑर्डर आणि हप्त्यांनी फेडण्याचे आयव्हीए करार त्यात दिसतात. स्कॉटलंडचं आणि नॉर्दर्न आयर्लंडचं रजिस्टर वेगळं आहे. माणूस आधी ग्लासगोला राहत असेल तर तिकडेही बघा.

आपल्या नावांची इथे एक गंमत होते. पासपोर्टवर वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मधे असतं, इथल्या कागदांवर ते कधी असतं, कधी गळतं. इंग्रजी स्पेलिंग तर घराघरात वेगळं. त्यामुळे एकदा शोधून थांबू नका, दोन-तीन प्रकारे शोधा. आणि याच्या उलटही लक्षात ठेवा. कुलकर्णी, पाटील, जोशी किती आहेत! नाव जुळलं म्हणजे माणूस तोच असं नाही. जन्मतारीख आणि पत्ता जुळल्याशिवाय कुणाबद्दल मनातसुद्धा काही धरू नका.

कंपनीसाठी ‘कंपनीज हाउस’ची साइट. २०१५ पासून तिथली माहिती फुकट आहे. कंपनी कधी निघाली, हिशेब वेळेवर भरले का, कर्जापोटी काय तारण ठेवलंय, हे सगळं दिसतं. डायरेक्टरच्या नावावर क्लिक केलं की त्याच्या आधीच्या कंपन्याही दिसतात. लिक्विडेशनमध्ये गेलेल्या कंपनीचा डायरेक्टर जवळपास त्याच नावाने नवी कंपनी काढत असेल, तर १९८६ च्या इन्सॉल्व्हन्सी कायद्याने त्याला पाच वर्षं मनाई आहे. काही अपवाद आहेत, पण असं दिसलं की प्रश्न विचारायलाच हवा. दिवाळखोरीतून अजून मुक्त न झालेल्या माणसाला कोर्टाच्या परवानगीशिवाय डायरेक्टर होता येत नाही, आणि ५०० पौंड किंवा जास्त उसने घेताना आपली स्थिती सांगावीच लागते.

तिसरी जागा म्हणजे ‘द गॅझेट’. लंडनमध्ये प्लेग होता म्हणून १६६५ मध्ये ते आपल्या शेजारच्या ऑक्सफर्डमध्ये सुरू झालं. दिवाळखोरीचे आदेश आणि कंपनी बंद करण्याचे अर्ज त्यात छापले जातात, आणि जुने अंकही शोधता येतात.

आता कोर्टाबद्दल. स्टेशनजवळ फ्रायर स्ट्रीटवर रीडिंगचं काउंटी कोर्ट आहे. बरेच जण विचारतात, तिथे जाऊन फाईल बघता येते का? सहसा नाही. देणं-घेणं असलेल्या संबंधितांना फाईल बघता येते, बाकीच्यांना कोर्टाची परवानगी लागते. शिवाय २०१६ पासून स्वतःहून दिवाळखोरी मागणाऱ्याचा अर्ज कोर्टात जातच नाही, ऑनलाइन जातो आणि सरकारी निर्णय-अधिकारी तो बघतो. कोर्टात जातो तो येणं असलेल्याने केलेला अर्ज, आणि त्यासाठी येणं किमान ५,००० पौंडांचं लागतं. म्हणून सामान्य माणसाने रजिस्टरवरच बघावं.

एवढं बघूनही धोका शून्य होत नाही. मोठं नाव म्हणजे सुरक्षित, हा समज तर जेट एअरवेजने कायमचा मोडला. हीथ्रोहून मुंबईला थेट जाणारं ते विमान आपल्यापैकी कितीजणांच्या सवयीचं होतं! १७ एप्रिल २०१९ ला कंपनीची सगळी उड्डाणं थांबली, जूनमध्ये मुंबईच्या एनसीएलटीत प्रकरण दाखल झालं आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने कंपनीचं लिक्विडेशन करायला सांगितलं. म्हणून रजिस्टर बघाच, आणि आगाऊ रक्कम शक्यतो क्रेडिट कार्डाने द्या. १०० पौंडांहून जास्त आणि ३०,००० पौंडांपर्यंत किंमत असेल, तर १९७४ च्या कायद्यानुसार कार्ड कंपनीही जबाबदार धरता येते.

पुण्यात, ठाण्यात फ्लॅट बुक करणाऱ्यांनाही हेच लागू. तिकडे महारेराच्या साइटवर प्रकल्प बघा, आणि बिल्डर कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत आहे का ते आयबीबीआयच्या साइटवरच्या जाहीर सूचनांमध्ये बघा. असेल तर फ्लॅट घेणाऱ्याला मुदतीत आपला दावा दाखल करावा लागतो. “दादा तिकडे आहे, तो बघेल” म्हणून गप्प बसू नका. ती सूचना रीडिंगमध्ये बसूनही वाचता येते.

हे झालं बघण्याबद्दल. पण मला खरं सांगायचंय ते बघून झाल्यावरचं. पैसा गुंतणार असेल तर नाव शोधण्यात लाज नाही, अपमानही नाही. पैसा गुंतणार नसेल तर मात्र शोधू नका. गणपतीच्या आरतीला दिसलेल्या माणसाचं नाव रात्री रजिस्टरवर टाकून बघणं, आणि सापडलं तर स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकणं, हा निव्वळ चोंबडेपणा झाला. कायदा स्वतः यापेक्षा मोठ्या मनाचा आहे. इथे दिवाळखोर साधारण एका वर्षात मुक्त होतो आणि त्यानंतर तीन महिन्यांत त्याचं नाव रजिस्टरवरून निघतं. लबाडी केली असेल त्याच्यावरच दोन ते पंधरा वर्षांची बंधनं येतात. सरकार पंधरा महिन्यांत विसरतं, आपण मंडळात पंधरा वर्षं लक्षात ठेवतो.

या भीतीनेच आपली माणसं वेळेवर मदत मागत नाहीत. नोकरी गेली, घराचे हप्ते थकले, तरी गावाकडे पैसे पाठवणं चालूच असतं, कारण कळलं तर काय म्हणतील? त्यांच्यासाठी सांगतो. २०२१ पासून ‘ब्रीदिंग स्पेस’ ही सोय आहे. साठ दिवस बहुतेक देणेकऱ्यांचा तगादा आणि व्याज थांबतं, आणि त्याची नोंद जाहीर रजिस्टरवर येत नाही. सिटिझन्स अॅडव्हाइस किंवा स्टेपचेंजला फोन करा, सल्ला फुकट आहे.

आपल्या रीडिंगचा तुरुंग ज्याच्यामुळे जगाला माहीत झाला, तो ऑस्कर वाइल्ड १८९५ मध्ये दिवाळखोर ठरला आणि त्याच वर्षी इथे आणला गेला. कैदी म्हणून त्याला दिवाळखोरीच्या कोर्टात नेलं, तेव्हा गर्दीत त्याचा मित्र रॉबी रॉस उभा होता. रॉसने काही न बोलता टोपी काढून त्याला मान दिला. वाइल्ड ते विसरला नाही. पुढे रीडिंगच्या कोठडीतून लिहिलेल्या दीर्घ पत्रात त्याने ते लिहून ठेवलं.

रजिस्टर बघा आणि पैसे जपून द्या. आणि त्यात ओळखीचं नाव दिसलं, तर ते आपल्यापाशीच ठेवा. जमलं तर त्या घरी एक फोन करा, नुसता “कसे आहात?” विचारायला.