भित्रा म्हणण्यापूर्वी नाडी पाहा

मनगटावर दोन बोटे ठेवून नाडी पाहा. सावकाश श्वास घ्या. ठोके किंचित जलद पडतील. सावकाश सोडा; ते मंदावतील. मिनिटाला ७० ठोके म्हणजे दोन ठोक्यांत सरासरी ०.८६ सेकंद, पण निरोगी हृदयात हे अंतर सतत थोडे बदलत असते. श्वासाबरोबरचा हा चढउतार कार्ल लुडविग या जर्मन शास्त्रज्ञाने १८४७ साली नोंदवला. मेंदूकडून हृदयाकडे येणारी व्हेगस ही चेता म्हणजे हृदयाचा लगाम. श्वास सोडताना तो आवळतो, घेताना सैलावतो. भीतीने तो सुटतो. हृदय धावू लागते आणि चढउतार बहुधा घटतो.

आपल्या भागात हे जाणणे अगत्याचे आहे. जुलै २०२१ मध्ये महाड शहर पुरात बुडाले. तळिये येथे आणि पोलादपूर तालुक्यात केवनाळे, साखर सुतारवाडी येथे दरडी कोसळल्या. आजही पावसाचा जोर वाढला की कोणाच्या छातीत धडधडत असेल, तर त्याला भित्रा म्हणू नये. सावध होण्याची ती शरीराची रीतच आहे.

अशा वेळी मिनिटाला सुमारे ६ संथ श्वास घेतल्यास लगाम पुन्हा हाती येण्यास मदत होते. मात्र श्वासाने दरड थांबत नाही. स्थलांतराची सूचना आली की निघालेच पाहिजे; मन शांत हवे ते त्यासाठीच. भीती दिवसेंदिवस हटत नसेल, तर डॉक्टरांना सांगावे.

शिक्षकांनी हा प्रयोग पावसाळ्यापूर्वी प्रत्येक वर्गात करून घ्यावा, असे माझे मत आहे. त्याला खर्च काहीच नाही.